सरांना या वेळी रात्री थांबू द्या : स्नेहमेळाव्याच्या संयोजन समितीला खुलं पत्र

प्रति,
संयोजन समिती, रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा,
स्थापत्य अभियांत्रिकी, सन २००० ची तुकडी
आणि या दिवसांत ठिकठिकाणी असे मेळावे भरवणारे सगळे आयोजक

मित्रमैत्रिणींनो,

गेल्या शनिवारी, ६ डिसेंबरला, आपल्या ग्रुपवर समितीचा निर्णय आला. १७ आणि १८ जानेवारीला अलिबागजवळच्या फार्महाऊसवर जमायचं. माणशी ६,५०० रुपये. दुपारी तीन ते पाच गुरुजनांचा सत्कार, सात ते अकरा कॉकटेल्स, अकरानंतर जेवण आणि पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. शेवटची ओळ अशी होती : 'ड्राय मेंबर्ससाठी सॉफ्ट ड्रिंक्सची सोय आहे. दर सर्वांना सारखाच. वेगळा हिशोब ठेवता येणार नाही.'

त्याच रात्री मी ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. न पिणाऱ्यांची वर्गणी वेगळी धरा आणि जेवण लवकर ठेवा, एवढंच. त्यावर तीन अंगठे आले, एक हसरा चेहरा आला आणि 'अरे तू ये तर खरं, बाकीचं बघू' असं एक उत्तर आलं. मग विषय टी-शर्टच्या रंगावर गेला आणि तिथेच राहिला. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. ही तक्रार आपल्या एकट्या तुकडीची नाही. कर्जत, लोणावळा, अलिबागची रिसॉर्टं या दिवसांत अशाच मेळाव्यांनी भरलेली असतात, आणि यातल्या प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखा कोणीतरी हातात कोमट कोल्ड्रिंक घेऊन एका कडेला उभा असतो.

आधीच सांगतो, मेळाव्यात दारू नको असं माझं म्हणणं नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी घ्यावी. माझं म्हणणं एवढंच आहे की मेळावा आमचाही आहे, आणि तो आमचाही असल्यासारखा आखला जावा.

हे म्हणायचा मला अधिकार आहे का, असं काही जणांच्या मनात येईल. येणं साहजिक आहे, कारण २०१० साली दहा वर्षांचा पहिला मेळावा भरला तेव्हा बाटल्यांची व्यवस्था माझ्याकडे होती. यादी मी केली, पेट्या माझ्या गाडीतून आल्या, आणि कोण पीत नाही याच्यावर लक्षही मीच ठेवलं. आपला माळकरी मित्र त्या रात्री माझ्या शेजारी बसला होता. मी त्याच्यापुढे ग्लास धरला. तो नको म्हणाला. मी पुन्हा धरला. सगळे बघत होते, हसत होते, आणि मी म्हणालो, "तासभर माळ काढून ठेव की, पांडुरंग काही रागावत नाही." त्याने काही उत्तर दिलं नाही. शर्टाच्या कॉलरच्या आत अंगठा घालून त्याने माळ नुसती धरून ठेवली. दहाच्या सुमारास तो न जेवता निघून गेला. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. आज ते आठवलं की मान खाली जाते. त्याची माफी मी पुढे मागितली, पण ती खूप उशिरा.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी पाच आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात होतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत आहे, काहींना आज कळेल. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी डायसल्फिरामची गोळी सुरू केली. ही गोळी नेमकं काय करते हे मेळावे भरवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं, म्हणून लिहितो. दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं विघटन करून ते निरुपद्रवी करतं. ही दुसरी पायरी गोळी अडवून धरते. ते विषारी द्रव्य रक्तात साठत जातं. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. त्यासाठी फार दारूही लागत नाही. हृदयाचा आजार असेल तर जिवावर बेतू शकतं.

जानेवारी २०२० चा वीस वर्षांचा मेळावा. दारू सोडून मला चौदा महिने झाले होते, गोळी चालू होती. तेव्हाही अलिबागच होतं आणि तेव्हाही पोपटी होती. फार्महाऊसच्या मामांनी मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला घातला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, मग बटाटे, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं ठेवून भोवती काटक्या-पेंढा पेटवला. मी त्या जाळाजवळ उभा होतो, कारण तिथे माझ्याशी बोलायला मामा तरी होते. लिंबू-सोड्याचा ग्लास कठड्यावर ठेवून मी त्यांना मडकं बाजूला घ्यायला मदत करायला गेलो. परत आलो आणि अर्धा ग्लास एका दमात प्यालो. थोड्याच वेळात चेहरा तापला. मला वाटलं, जाळाची धग लागली असेल. मग कान तापले, मानेवरची शीर उडायला लागली, आणि मी शेंगांच्या टोपलीशेजारी खाली बसलो ते उठलोच नाही.

कुणीतरी गंमत म्हणून त्या ग्लासात व्होडका घातली होती.

पंचेचाळीस जणांमध्ये त्या वेळी गाडी चालवण्याच्या स्थितीत एकच जण होता. तो तोच माळकरी मित्र. त्याने मला अलिबागच्या एका दवाखान्यात नेलं. रक्तदाब ८०/५० होता. रात्रभर सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'सॉरी यार, गंमत केली होती' असा एक मेसेज आला आणि त्याखाली कुणीतरी हसून लोळणारे चेहरे टाकले. व्होडका कुणी घातली हे मला माहीत आहे. नाव इथे लिहिणार नाही, कारण त्या एकट्या माणसाशी माझं भांडण नाही. पीत नाही म्हणणाऱ्याला फसवून पाजणं ही आपल्यात गंमत समजली जाते, भांडण त्या समजुतीशी आहे. २०१० साली ती माझीही होती.

आता या वेळच्या निर्णयाबद्दल.

'ड्राय मेंबर्स' हा शब्द मला लागला. आपल्या तुकडीत पास झालेले आणि एटीकेटी लागलेले होते, हॉस्टेलवाले आणि लोकलवाले होते, पण पंचवीस वर्षांनी आपली विभागणी पिणारे आणि कोरडे अशी व्हावी, हे बरोबर वाटत नाही. त्यातून असं दिसतं की मूळ कार्यक्रम पिणाऱ्यांचा आहे आणि बाकीच्यांची कशीबशी सोय लावली आहे. खरा आकडा याच्या उलट आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटात दारू पिणाऱ्यांचं प्रमाण १४.६ टक्के निघालं. नुसते पुरुष घेतले तरी २७.३ टक्के. म्हणजे दर चार पुरुषांमागे जवळपास तीन जण पीत नाहीत. आपल्या मेळाव्यात हे प्रमाण वेगळं दिसत असेल, तर न पिणारे यायचे का थांबले, याचाही विचार करा. २०१० ला आपण छप्पन्न जण होतो, २०२० ला पंचेचाळीस. आपला एक मुसलमान मित्र पहिल्या मेळाव्यानंतर कधीच आला नाही. दर वेळी 'काम आहे' म्हणतो. हॉस्टेलच्या गच्चीवर पहाटेपर्यंत पेटी वाजवणारा हा माणूस. त्याला खरंच दर वेळी काम असतं, असं तुम्हाला वाटतं का?

पैशांचं बोलतो, कारण ते बोलायला सगळ्यांनाच अवघड वाटतं. फार्महाऊसच्या दरपत्रकात राहणं, दोन नाश्ते आणि दोन जेवणं मिळून ३,९०० रुपये आहेत. वरचे २,६०० बारचे. माझ्यासाठी हे २,६०० म्हणजे सात वर्षं जिच्यापासून लांब राहण्यासाठी मी रोज झगडतो, तिचंच बिल भरणं आहे. आणि आपल्यातल्या काहींना ही रक्कम खरोखर जड जाते. दोघांच्या नोकऱ्या गेल्या वर्षी गेल्या, एकाच्या घरी मोठं आजारपण चालू आहे. वर्गणीचा आकडा पाहून ते गप्प बसले आहेत. 'वेगळा हिशोब ठेवता येणार नाही' हे उत्तर मला पटत नाही. आपण रोज एम. बी. म्हणजे कामाच्या मोजमापांची वही लिहिणारी, रनिंग बिलात मुरमाचा घनमीटरनिशी हिशोब देणारी माणसं आहोत. साठ माणसांचे दोन रकाने आपल्याला नक्की जमतील.

जेवणाच्या वेळेवर फार लिहीत नाही. आपण सगळे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे आहोत, निम्म्यांच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या आहेत, एक जण इन्सुलिन घेतो. त्याने सात ते अकरा खारे शेंगदाणे आणि मसाला पापड खाऊन काढायचे का? रात्री साडेअकराला गार झालेल्या पोपटीत काही चव राहत नाही. शेंगा मडक्यातून काढल्या काढल्या, वाफ निघत असताना, बोटं पोळत सोलून खायच्या असतात. मागच्या वेळी त्यातल्या निम्म्या शेंगा सकाळी कचऱ्यात गेल्या.

मग येतो तो प्रश्न : "का रे, का घेत नाहीस?" हा प्रश्न विचारणाऱ्याला तो आपुलकीचा वाटतो. पण उत्तर काय काय असू शकतं बघा. कुणी माळ घातलेली असते, कुणाचा धर्म नाही म्हणतो. कुणाचं यकृत बिघडलेलं असतं, कुणाची डिप्रेशनची औषधं चालू असतात, कुणाच्या घरी वडिलांनी दारूपायी सगळं घालवलेलं असतं, आणि कुणाला चवच आवडत नाही. यातलं कोणतंही कारण चारचौघांत सांगायची वेळ माणसावर का यावी? आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार आजही परवाना पिणाऱ्याला लागतो, आणि जाब मात्र न पिणाऱ्याला द्यावा लागतो. 'एकाने काय होतंय' या वाक्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित मानता येत नाही. तुम्ही पिऊ नका, असं मी यावरून म्हणत नाही. पण नको म्हणणाऱ्याला 'एकाने काही होत नाही' हे ठामपणे सांगू नका. मला एकानेच होतं.

आणखी एक गोष्ट कुणी मोजत नाही. जो पीत नाही तो गाडी चालवणारच, असं धरून चाललेलं असतं. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर दारू आढळली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून रात्री एक वाजता आमची आठवण होते. कार्लेखिंडीतून वडखळपर्यंत, तिथून पनवेलपर्यंत, मागच्या सीटवर दोन जण झोपलेले आणि एक उलटी येते म्हणतोय, अशी खेप मी दोनदा केली आहे. मित्रांसाठी पुन्हाही करीन. पण विचारून करायला लावा, आणि एवढं करून आमच्याकडूनच बारचे पैसेही घेऊ नका.

आपल्या वर्गात सात मुली होत्या. मागच्या वेळी पाच जणी आल्या आणि पाचही जणी संध्याकाळी मांडव्याहून बोट पकडून परत गेल्या. मेळावा मुक्कामी होता, खोल्यांचे पैसे त्यांनी भरले होते. मी एकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "साडेसातनंतर आमच्याशी कुणी सरळ बोलत नाही रे. मग थांबून काय करायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यातल्या कुणी पीत असेल-नसेल, तो त्यांचा प्रश्न. पण चार तास दुसरा काही कार्यक्रमच नसेल, तर मुक्कामाचं आमंत्रण त्यांना खऱ्या अर्थाने दिलेलंच नसतं.

आणि सर.

आपल्याला सर्व्हेइंग शिकवणारे सर मागच्या वेळी आले होते. थिओडोलाइट, म्हणजे सर्व्हेचं कोन मोजायचं यंत्र, हातात द्यायच्या आधी आपल्या हाताला लागलेलं वडापावचं तेल स्वतःच्या रुमालाने पुसणारे सर. पावणेपाचला आपण त्यांना शाल-श्रीफळ दिलं, फोटो काढले आणि पाचला गाडी लावली. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. नारळ पिशवीत होता, शाल अजून खांद्यावरच होती. दाराशी थांबून ते म्हणाले, "रात्री गाणी आहेत म्हणे तुमची? मी थांबलो असतो रे." मी म्हणालो, "सर, उशीर होईल, तुम्हाला त्रास नको." तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. सर "बरं बरं" म्हणत आत बसले. त्यांनी उजेडातच जावं म्हणून आपण घाई केली नव्हती. सातच्या आत सर तिथून गेलेले असावेत, म्हणून केली होती. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्या कार्यक्रमात आपल्याच सरांची अडचण होते, तो आपण इतकी वर्षं गुरुजनांच्या नावाने पत्रिका छापून करत आलो आहोत.

दारूशिवाय मजा येत नाही, हे मला कित्येकदा ऐकवलं गेलं आहे. आठवड्यातून एकदा मी ए. ए. च्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंगला जातो. मीटिंग तासा-दीड तासाची असते. ती संपल्यावर बाहेरच्या टपरीवर कटिंग घेत आम्ही बारा-पंधरा जण उभे असतो, आणि कधी कधी इतकं हसतो की टपरीवाला "आवाज कमी करा" म्हणतो. त्या माणसांपैकी कुणाची नोकरी गेली आहे, कुणाचं घर मोडलं आहे. तरी ते हसतात, आणि सकाळी उठल्यावर काय बोललो ते त्यांना आठवतं.

गेल्या वर्षीच्या कोजागरीला माझ्या गच्चीवर बावीस जण होते. तुमच्यातलेही चौघे होते. मी आणि बायकोने पाच लिटर दूध दुपारपासून आटवलं, त्यात बदाम-पिस्ते, वेलची, जायफळ, थोडं केशर. सोबत बटाटेवडे. दोघांनी जिन्यातच हळूच विचारलं, "दुसरं काही आहे का?" मी म्हणालो, "दूध आहे." रात्री दीडला मीच त्यांना म्हणालो, आता घरी जा. अंताक्षरी 'ण'वर अडली होती आणि कुणी हार मानायला तयार नव्हतं. रात्र जागवण्याची ही आपल्या घरातली रीत आहे. पोपटीचंही तसंच आहे. जाळाभोवती बसायचं, मडक्यावर लक्ष ठेवायचं, शेंगा सोलत गप्पा मारायच्या. तिथे माणसाला जागं ठेवायला जाळ आणि गप्पा पुरतात.

व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला सांगून चाळीस वर्षं होत आली. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तेव्हापासून इथे कितीतरी माणसं बरी होऊन आपापल्या घरी परतली आहेत. ती तुमच्या लग्नांना, बारशांना, गृहप्रवेशांना आणि मेळाव्यांना येतात. ती कोण, हे त्यांच्याकडे बघून कळत नाही आणि कळायची गरजही नाही. व्यवस्था मात्र ती तिथे आहेत असं धरूनच करायला हवी.

तर माझ्या मागण्या.

वर्गणी दोन भागांत घ्या. राहण्या-जेवणाची सगळ्यांकडून, बारची ज्यांना हवी त्यांच्याकडून. नावनोंदणीच्या फॉर्मवर 'बार : हो / नाही' एवढाच एक चौकोन ठेवा. कारण विचारू नका आणि ही यादी ग्रुपवर टाकू नका.

पोपटी सातला लावा, जेवण साडेआठला सुरू करा. ज्यांना उशिरा जेवायचं आहे त्यांच्यासाठी झाकून ठेवा.

बार एका बाजूच्या व्हरांड्यात ठेवा, अंगणात मधोमध नको. गाणी, जुन्या फोटोंचा पडदा, ज्यांच्या गप्पा त्यांच्या गप्पा, हे सगळं जाळाजवळ होऊ द्या. ग्लास हातात घेऊन ज्यांना तिकडे यायचं ते येतील. सध्या उलटं होतं : जो बारपाशी नाही, तो मेळाव्यातच नसतो.

न पिणाऱ्यांसाठी 'सॉफ्ट ड्रिंक्स' म्हणून दोन लिटरच्या बाटल्या टेबलाखाली ठेवू नका. रायगडात बसून आपण कोकम सोडून कोल्ड्रिंक का प्यावं? कोकमाच्या आगळात पाणी, जिरेपूड, काळं मीठ, साखर ज्याची त्याने घ्यावी. मठ्ठा. आलं-लिंबू सोडा. रात्री गारठा पडला की गवती चहा घातलेला चहा. मधुमेह असलेल्यालाही यातलं बिनसाखरेचं काहीतरी हातात घेता येईल. हे टेबल मी सांभाळतो, सामान माझं, तुम्ही फक्त जागा द्या. एक विनंती मात्र आहे : झिरो-झिरो लिहिलेली बिनदारूची बिअर आमच्यासाठी म्हणून आणू नका. काहींना ती चालत असेल. मला तिच्या वासानेच जुने दिवस जवळ आल्यासारखे वाटतात, आणि माझ्यासारखे आणखीही असतील.

जेवणात कशात वाइन किंवा रम असेल तर तसं त्या भांड्यापुढे लिहा. शिजवलं की दारू उडून जाते, हे पूर्ण खरं नाही. अर्धा तास शिजवूनही तिचा एक तृतीयांशाच्या आसपास भाग उरू शकतो. केकवर ओतलेली रम तर बरीचशी तशीच राहते.

कुणाच्याही ग्लासात त्याला न सांगता काही घालणार नाही, हे समितीने ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहावं. मेळाव्याच्या नियमांत पहिलं. या एका मागणीत मी तडजोड करणार नाही.

परतीसाठी दोन भाड्याच्या गाड्या ड्रायव्हरसह ठरवा. त्याचा खर्च सगळ्यांत वाटा, माझी हरकत नाही.

आणि गुरुजनांचा सत्कार दुपारी तीनला नको, संध्याकाळी साडेसहाला जाळ पेटवायच्या आधी करा. सरांना मुक्कामाचं निमंत्रण द्या, एक खोली त्यांच्यासाठी तळमजल्यावर राखून ठेवा.

यातल्या कोणत्याही मागणीने पिणाऱ्याचा एक घोटही कमी होत नाही. तरीही समितीला हे जमणार नसेल, तर तसं स्पष्ट कळवा. मी रागावणार नाही. मी येणार नाही, एवढंच. माझ्यासोबत आणखी नऊ जण येणार नाहीत. त्यांच्याशी मी बोललो आहे आणि त्यांच्या संमतीनेच हा आकडा इथे लिहितो आहे.

वर्गणी भरायची शेवटची तारीख २० डिसेंबर आहे. त्याआधी तीन दिवस, १७ तारखेपर्यंत, उत्तर द्या.

परवा मी सरांना फोन केला. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघा दुखतो म्हणाले, पण येतो म्हणाले. पेटी कुणी आणणार आहे का, असं त्यांनी विचारलं. मी आपल्या त्या मित्रालाही फोन लावला. तो लगेच 'काम आहे' म्हणाला नाही, 'कळवतो' म्हणाला. सरांना मी अजून रात्री थांबायचं विचारलेलं नाही. तुमचं उत्तर आलं की विचारतो.

तुमचाच,
रोल नंबर ४७